ओली गंज

३ ऑक्टोबर, लातूर

आजचा सगळा दिवस एका शब्दानं खाल्ला. गंज.

आमच्या भागातल्या बोलीचा कोश करायचं काम इथं चालतं. एका शब्दाला एक कार्ड. सरांनी मला 'ग' दिला त्याला महिना झाला आणि आजवर कार्ड पुरत होतं. आज पुरलं नाही. लोखंडाला चढतो तो गंज. शेतात कडबा किंवा कापलेलं सोयाबीन रचून ठेवतात ती गंज. माय ज्यात आंघोळीचं पाणी तापवते ते उंच पातेलं, तोही गंज. आणि आमच्या खिडकीखाली जी गंजगोलाई दिवसभर कल्ला करते, तिथला गंज म्हणजे बाजार. मी सगळे अर्थ एकाच कार्डावर एकाखाली एक लिहून मोकळी झाले होते. सरांनी कार्ड परत दिलं. म्हणाले, ही एका आईची लेकरं नाहीत, वेगवेगळी मांड.

मग अलीझाकडे गेले. फारसी-उर्दूचं काम तिच्याकडे आहे, तिचं टेबल माझ्या टेबलाला लागूनच आहे, आणि नांदेडला कॉलेजात होतो तेव्हापासून माझं सगळं तिलाच विचारून चालतं. ती म्हणाली, बाजाराचा गंज फारसीतला, खजिना किंवा कोठार. लोखंडावरचा गंज बहुतेक 'झंग'वरून, हिंदीत जंग म्हणतात तोच, आपल्या तोंडात येऊन फिरला. पातेल्याचं आणि गंजीचं तिला माहीत नव्हतं. सर म्हणाले, पुरावा नसेल तर 'मूळ अनिश्चित' लिहा, त्यात लाज नाही. अंगातली गंजी तर इंग्लंडजवळच्या कुठल्या बेटाच्या नावावरून आली म्हणे. अलीझा हसून हसून लाल झाली. "तुझ्या भावाची, शिवमची गंजी विलायती, आणि तुझ्या आबांच्या टकलाचा 'गंजा' आमच्या उर्दूतला. तुमच्या घरात तुमचं काय हाय गं?"

मला हे फार सुंदर वाटलं. वेगवेगळ्या देशांतून आलेले शब्द एकच कापड अंगावर घेऊन एका तोंडात राहतात आणि भांडत नाहीत. माणसांना हे जमायला काय हरकत आहे?

मागच्या आठवड्यात मारण्याचे शब्द काढले होते. हाणणे, बदडणे, सडकणे, कुटणे, तुडवणे, चेचणे, ठोकणे, लोळवणे. ते गोळा करायला कुठं जावं लागलं नाही. आबा मायला, आबा शिवमला, शिवम बैलाला. सर खूश झाले, केवढी समृद्ध बोली म्हणाले. त्यांचा नियम मी टेबलावर लिहून चिकटवलाय: ऐकलं तसं उतरवा, आपलं घालू नका.

११ ऑक्टोबर, गाव

दसऱ्याला आले. उमरीच्या स्टँडवर शिवम मोटरसायकल घेऊन उभा होता. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण आता मला त्याच्याकडे मान वर करून बघावं लागतं. चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगून राहिला, ही माझी अक्का, लातूरला पुस्तक लिहिती. बॅग मला उचलू दिली नाही. घरात पहिली पदवी माझी, पण छाती त्याची फुगते.

घरी न जाता थेट शेतात गेलो, कारण आज मळणी होणार होती. आमच्याकडे मळणीयंत्र शिवारात शिरलं की धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या रांगेनं जातं. एकाचं शेत झालं की लागूनचं. ज्याचं राहिलं त्याचं राहिलं, यंत्र मागं फिरत नाही, सगळं शिवार उरकलं की मगच परत. यंत्र जलीलचाचांचं, म्हणजे अलीझाच्या बाबांचं. मी शाळेत होते तेव्हापासून तेच येतात. बारावीनंतर आबा मला घरी बसवणार होते, तेव्हा गंजीवर उभं राहूनच चाचा म्हणाले होते, माझी जाते, तुमची पण जाऊ द्या, दोघी एका गाडीनं जातील. आबांनी मान हलवली ती त्यांच्या शब्दाखातर.

परवाच्या पावसात गंज भिजली होती. चाचांनी ताडपत्री उचलली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि मूठभर शेंगा बाहेर काढल्या. त्यातून वाफ निघत होती. आबांना म्हणाले, आत्ता घातलं तर यंत्र गुदमरेल आणि दाणा फुटेल, चार दिवस उघडी ठेवा. म्हणजे यंत्र आम्हाला सोडून पुढं जाणार आणि आमची पाळी शेवटी. शिवमनं चाचांची कॉलर धरली. म्हणाला, पुढच्या शेतवाल्यानं काय दिलं तुला?

चाचांनी त्याचे हात हळूच सोडवले. "एवढी घाई असंल तर गंजीला काडी लाव ना बाप्पा. धा मिन्टांत मोकळा व्हशील."

सगळे हसले. आबा हसले, मीही हसले. मग आबांनी पायातला जोडा काढून शिवमच्या तोंडावर मारला, वडीलधाऱ्याच्या कॉलरला हात घातला म्हणून. एकदा मारून थांबले नाहीत. शिवमचा ओठ फुटला, रक्त गंजीवर पडलं. वीरेश, शिवमचा दोस्त, सरपंचाचा मुलगा, मोबाइलवर शूटिंग करून राहिला होता. चाचांनीच आबांचा हात धरला.

संध्याकाळी चाचांचं वाक्य कार्डावर उतरवलं, शेतातली गंज या अर्थाखाली उदाहरण म्हणून. इतकं जिवंत वाक्य शोधून मिळत नाही.

१३ ऑक्टोबर, गाव

काल दसरा झाला. शिवम सोनं द्यायला चाचांकडे जाईल आणि मिटेल असं मला वाटलं होतं. गेला नाही. वीरेशनं तो व्हिडिओ कुणाकुणाला पाठवलाय, पोरं त्याला जोडा दाखवून चिडवतात.

आज दुपारपासून तो गंजीच्या राखणीला गेलाय. वीरेश आणि दोघं-तिघं सोबत आहेत. मायकडून मोठा गंज मागून नेला, पाण्याला म्हणे. माय मागून ओरडत होती की पाण्याला मिठाचा आणि तिखटाचा डबा कशाला लागतो. तो हसत गेला. तो हसला म्हणून मला बरं वाटलं.

'गंजीवर गंज नेला.' एकाच वाक्यात दोन्ही. सरांना दाखवायचं.

१४ ऑक्टोबर, गाव

आजच लिहायचं.

काल दिवस बुडताना आमची गंज पेटली. मी आणि माय पोचलो तेव्हा ती घराएवढी जळत होती. आतून शेंगा तडतडत होत्या. गंजीखालचे उंदीर पेटलेल्या अंगानं बाहेर पळत होते आणि ज्या गवतात शिरत होते ते गवत पेटत होतं. पोरं त्यांना दगडांनी ठेचत होती. आबा आत शिरले. वेड्यासारखे दोन्ही हातांनी जळत्या पेंढ्या बाहेर फेकत होते. चौघांनी धरून ओढलं तेव्हा त्यांच्या तळव्याची कातडी मोज्यासारखी सुटली होती. ओरडले नाहीत. हातांकडे बघत राहिले.

शिवम मातीत लोळून रडत होता. त्याच्या भुवया होरपळल्यात. विझवताना होरपळल्या असतील. तो आणि वीरेश रस्त्याकडं गेले होते म्हणे, मोबाइलला रेंज येत नव्हती म्हणून, आणि परत येताना जलीलची मोटरसायकल सुसाट जाताना दिसली. मी म्हणाले, चाचा असं करणार नाहीत. वीरेश म्हणाला, "म्हणला तर होता त्यो. तू बी ऐकलीस ना, अक्का?"

ऐकलं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं. तो विनोद होता असं मला तेव्हा वाटलं होतं, पण माणसाच्या मनातलं कोण सांगणार?

घरी आल्यावर आबा म्हणाले, अर्ज तू लिही, एवढं शिकवलं कशाला. त्यांचे हात फडक्यात गुंडाळलेले होते. मी लिहिलं. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. वाद कसा झाला, कोण काय बोललं, क्रमानं लिहिलं, आणि चाचांचं वाक्य अवतरणचिन्हात, जसंच्या तसं. 'आमचा त्यांच्यावर संशय आहे' हे शेवटचं वाक्य वीरेशनं सांगितलं. सकाळी ठाण्यात अर्ज घेणारे जमादार म्हणाले, असा मुद्देसूद अर्ज आम्हाला कधी मिळत नाही, कुठवर शिकलात? सांगताना मला अभिमान वाटला. का वाटला?

राखेत मायचा गंज सापडला, काळाठिक्कर. त्याच्यापाशी तीन दगड होते आणि कुत्री हाडं चघळत होती. आग विझवायला पाणी आणताना कुणीतरी नेला असेल. माय दुपारभर तो राखेनं घासत बसली होती. मी मदतीला गेले तर हात झटकला.

१६ ऑक्टोबर, गाव

सकाळी जलीलचाचा आबांना बघायला आले होते. भाजलेल्या हातांवर लावायचं मलम आणलं होतं. आबा भिंतीकडे तोंड करून निजले. मी दारात उभी होते. चाचा मला म्हणाले, बेटा, ठाण्यातून बोलावलं होतं, मी सगळं सांगितलं, येईल समजून. मी खाली बघितलं. मलम ओट्यावर ठेवून ते कामावर गेले. दोन शेतं सोडून यंत्र चालू होतं.

मी आणि माय राख उपसत होतो. दुपारी पोरांचा घोळका धुऱ्यानं गेला, वीरेश पुढं. माझा अर्ज त्यांच्या मोबाइलवर होता. कुणी फोटो काढला मला माहीत नाही. वीरेशनं मोठ्यानं वाचला. माझी वाक्यं मला लांबून ओळखू आली, स्वल्पविरामासकट.

वाचून झाल्यावर त्यानं विचारलं, हे तू म्हणलास का?

चाचा म्हणाले, "हाव. म्हणलो. मस्करी केली."

पुढचं कुणी ऐकलं नाही. मला पाठी दिसल्या, खाली वर होणारे हात दिसले, नांगराच्या रुमण्याचा दांडा दिसला. मग घोळका यंत्राच्या तोंडाकडं सरकला. यंत्र चालूच होतं. ओलं सोयाबीन घातल्यावर यंत्र गुदमरतं तसा आवाज आला, आणि पट्टा घसरला.

माय माझ्या तोंडावर हात दाबून बसली होती. तिच्या बोटांची राख माझ्या दातांत गेली.

यंत्र पेटवलं तेव्हा टायर फुटल्याचे आवाज गावात ऐकू गेले. चाचांना कुणाच्या तरी टेम्पोत टाकून नांदेडला नेलं. उजवा हात कोपरापासून राहिला नाही म्हणतात.

शिवम त्यांच्यात नसावा. त्याच्यासारखा निळा शर्ट दिसला, पण निळे शर्ट बरेच होते. तो अंधार पडल्यावर आला, अंगावर बादल्या ओतून घेतल्या आणि न जेवता निजला.

१९ ऑक्टोबर, नांदेड

घरी न सांगता सरकारी दवाखान्यात गेले. वॉर्डच्या दारात पोलीस बसला होता. मला वाटलं, चाचांच्या रक्षणासाठी असेल. तो पंख्याखालच्या माणसाला सांगत होता, आरोपी आहे, गंज जाळली यानं, बरा झाला की उचलायचा. ज्यांनी हात घातला त्यांची नावं कुणी सांगत नाही. शंभर माणसं शिवारात होती आणि कुणी काही पाहिलेलं नाही.

अलीझाची आई, सुलतानबी, मला बघून उठली आणि आत निघून गेली. मला वाटलं होतं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

अलीझा बाहेर आली. तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. माझा अर्ज.

"हे अक्षर मी रोज बघते, तनुजा." ती मला तनू म्हणते. आज म्हणाली नाही.

मी म्हणाले, मी एक शब्दही खोटा लिहिलेला नाही.

"अब्बा काडी लाव म्हणले तवा लोक हसले का न्हाई?"

"हसले."

"तू?"

"मीपण हसले."

"ते लिहिलीस का?"

लिहिलं नव्हतं. तिच्या ओढणीवर रक्त वाळून कडक झालं होतं, तिला ते माहीत नसावं. मग म्हणाली, त्यांना हात गेल्याचं अजून कळलं नाही. खाजवतंय म्हणून राहिलेत. बोटं खाजवतायत म्हणे.



२३ ऑक्टोबर, लातूर

कामावर परत आले. अलीझाचं टेबल तसंच आहे, पेन उघडं पडलंय, मी टोपण लावलं.

सरांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत होते. म्हणाले, तू संस्थेचं नाव कुठं घेतलेलं नाहीस ना? मग गंजची कार्डं मागितली आणि चाचांच्या वाक्यावर आडवी रेघ मारली. उदाहरण वादग्रस्त आहे, दुसरं शोध. मी म्हणाले, सर, तुम्हीच सांगितलं होतं, ऐकलं तसं उतरवा. ते म्हणाले, कोशात उतरवायला सांगितलं होतं, ठाण्यात नाही.

मला राग आला नाही. खरंच आहे ते. पण कार्डावर आवाज कसा उतरवायचा? कुणी कुणाकडं बघून, कसल्या चेहऱ्यानं म्हटलं, त्याला जागा कुठं असते? चाचांच्या वाक्यातले सगळे शब्द मी नेले आणि माणूस तिथंच सोडला.

आता अर्जातून गाळलेलं हसू परत नेऊन द्यायचं. नवं बयान द्यायचं. पण त्याआधी एक गोष्ट विचारायची आहे. दिवसभर मायचा तो गंज डोळ्यांपुढून हलत नाही. गंज, तीन दगड आणि हाडं. आग विझवणारा माणूस हाडं कुठून आणेल?

२६ ऑक्टोबर, गाव

माय करंज्यांचं सारण भाजत होती. मी विचारलं, गंज शेतात काय शिजवायला नेला होता? तिचा उलथणं धरलेला हात थांबला. "मी घासून ठिवलाय त्यो. तू बी आता घासू नको त्येला."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. घासता घासता तिनं काय काय गिळलं असेल.

शिवम गोठ्यात होता. मी नुसतं म्हणाले, कोंबडी होती ना? तो माझ्याकडं बघत राहिला आणि मग लहानपणी रडायचा तसा रडला, डोकं माझ्या मांडीत घालून. वारा फार होता म्हणून गंजीच्या आडोशाला चूल मांडली होती. वीरेशनं लाकडं जास्त घातली. ठिणगी बाजूला काढलेल्या ताडपत्रीवर गेली. पळताना वीरेशनं सांगितलं, आबा तुला जिता ठेवणार न्हाईत, मी सांगतो तसं सांग. मी त्याच्या केसांतून हात फिरवला. भुवया आता उगवून राहिल्यात, कोवळ्या आहेत. म्हणाले, चुकून लागलेल्या आगीला कायदा समजून घेतो, आपण दोघं जाऊ, मी बरोबर आहे. तो हाव म्हणाला.

मग मी विचारलं, चाचांचा हात कुणी धरला होता?

त्याचं रडणं थांबलं. एकदम थांबलं. "ते नको इचारू, अक्का."

मी म्हणाले, मला दोन्ही लिहावं लागेल, आग आणि हात. एक लिहून दुसरं सोडलं की काय होतं ते मी एकदा करून बघितलंय.

त्यानं गोठ्यातलं लाकूड उचललं. पहिला फटका मनगटावर बसला, मी चेहरा झाकला होता म्हणून. मग पाठीवर, मांडीवर, पुन्हा पाठीवर. मी पडले तेव्हा पायानं. माझ्या टेबलावर त्या कृतीचे आठ शब्द आहेत, त्यांतला एकही मला तेव्हा आठवला नाही. माय मध्ये पडली तर तिलाही बसले. आबा दारात बसले होते, दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत, मांडीवर ठेवलेले. ते एवढंच म्हणाले:

"तोंडावर नको मारू. दिवाळीला पाव्हणे येतेत."

२७ ऑक्टोबर, गाव

सकाळी शिवम हळदीचं दूध घेऊन आला. माझे पाय धरले. मनगटाला त्यानंच फडकं बांधलं, बैलाच्या जखमेला बांधतो तसं नीट, आणि डोळे पुसत राहिला. म्हणाला, अक्का, दिवाळी होऊ दे, मग मी स्वतः येतो, आपण सगळं सांगू. माझा विश्वास आहे. तो वाईट नाही. त्याला आजवर कुणी हात न उगारता काही विचारलंच नाही.

स्टँडवर सोडायलाही तोच आला. खिडकीतून शेंगदाण्याची पुडी दिली. गाडी हलली तरी उभा होता.

२८ ऑक्टोबर, लातूर

अलीझाचा मेसेज आला. त्या दिवसानंतरचा पहिलाच. 'परवा अब्बांना सुट्टी देणार. दारातूनच पोलीस नेणार. डावा हात बेडीत अडकवतील का दोन्ही, विचारायचं होतं. तुमच्या अर्जात काही लिहिलंय का?'

म्हणजे दिवाळीपर्यंत थांबता येणार नाही. माझं बयान परवाच्या आत व्हायला हवं. उद्या पहिल्या गाडीनं जाते. डाव्या हातानं बॅग भरली, उजवं मनगट वळत नाही. हे लिहायला फार वेळ लागला.

२९ ऑक्टोबर, उमरी

स्टँडच्या बाकावर बसून लिहितेय. गाडीची वाट बघून राहिले, तोवर वेळ आहे.

ठाण्यात साहेब नव्हते. जमादारांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी माझ्या मनगटाकडं बघितलं आणि म्हणाले, सख्ख्या भावाविरुद्ध आहे, रात्रभर विचार करा, साहेब सकाळी येतील, त्यांच्यासमोर बयान आणि सही. मी म्हणाले, विचार झालाय. ते म्हणाले, सही होईपर्यंत हे माझ्या कानाला लागलंच नाही असं समजा. बरोबरच आहे, नियम असेल. सकाळी सही झाली की चाचांना दवाखान्यातून कुणी उचलणार नाही, हे मी त्यांच्याकडून दोनदा विचारून घेतलं.

रात्र कुठं काढायची हा प्रश्न होता. अलीझाच्या घराला कुलूप आहे, सगळी नांदेडला.

शिवमला मी स्वतःच कळवलं. पाठीमागून करायचं नव्हतं. मेसेज केला, मी उमरीला आहे, उद्या सकाळी सही करणार, तुझी चूक किती आणि वीरेशची किती हेही नीट सांगेन, तू सोबत आलास तर मला बळ येईल. बराच वेळ उत्तर नव्हतं. मग त्याचा फोन आला. मला वाटलं होतं शिव्या देईल. आवाज इतका मऊ होता की मलाच रडू आलं. म्हणाला, अक्का, तू बरोबर करून राहिलीस. आबांना मी सांगितलं, ते बी तयार हायेत. स्टँडवर रात्र काढू नको, मी घ्यायला येतो, सकाळी मीच ठाण्यात आणून सोडतो. मोटरसायकलवर तुला झेपणार नाही म्हणून वीरेशची गाडी मागितलीय.

वीरेशनं गाडी दिली, म्हणजे त्यालाही कुठंतरी लागलं असेल. मी माणसांबद्दल फार लवकर वाईट समज करून घेते.

मायचाही फोन आला मध्ये. एवढंच म्हणाली, "येऊ नको गं. लई पाऊस हाय इकडं," आणि कट झाला. परत लावला तर बंद. इथं आभाळ अगदी मोकळं आहे, चांदण्या दिसायला लागल्यात, आणि गाव काही फार लांब नाही. तिचं नेहमीचंच, माझे हाल नकोत म्हणून काहीतरी सांगते. आता गेल्यावर तिच्या हातची करंजी खाईन. सकाळपासून पोटात काही नाही.

अलीझाला मेसेज लिहून ठेवलाय, पाठवला नाही. सही झाल्यावरच पाठवायचा. आधी बोलून ठेवायचं आणि मग व्हायचं नाही, असं तिच्या बाबतीत आता नको.

पांढरी गाडी आली. वीरेश चालवतोय, शेजारी एक जण आहे, मागं एक. मागच्या सीटवर मध्ये माझ्यासाठी जागा ठेवलीय. शिवमनं खाली उतरून दार धरलंय. माझी बॅग मला उचलू देत नाही.